नक्की येऊ, हेल्गा

हेल्गा, गुरुवारी तुम्हाला माती दिली. मी मागे, दफनभूमीच्या कुंपणापाशी उभा होतो. पुढे यायचं धैर्य झालं नाही असं लिहिलं तर ते जरा भारदस्त वाटेल. खरं कारण एवढंच, की मला कार्लच्या नजरेला नजर द्यायची नव्हती. तुमचा कार्ल, पथकातला सगळ्यात जुना ढोलवाला, गुडघे पार गेलेले, तरी गणवेश चढवून, ढोलावर काळं कापड बांधून उभा होता. त्याच्या शेजारी आणखी तिघं. दोन ढोल, एक झांज, एक बिगुल. बिगुल वाजवणाऱ्या बाईंचा दम मध्येच संपला, तेव्हा बाकीचे हात वर धरून थांबले आणि त्यांना श्वास मिळाल्यावर मग पुढची ओळ वाजली. तुम्ही असतात तर डोळे वटारले असतेत.

चौघं. ज्या पथकासाठी एकेकाळी पोलीस रस्ता अडवून धरायचे असं तुम्ही सांगायचात, त्या पथकाचे चौघं. आणि तिथे जी मुलं असायला हवी होती ती सगळी मला नावानिशी माहीत आहेत. त्यांच्या वाढदिवसांचे केक मी खाल्लेत.

नंतर कॉफी होती. माणूस पोचवून आल्यावर सगळ्यांनी बसून कॉफी आणि केक, ही तुमच्याकडची पद्धत. कार्ल प्लेट घेऊन माझ्यापाशी आला.

"तू तर हेल्गाच्या वरच्याच मजल्यावर राहतोस. फार बोलायची तुझ्याबद्दल. सगळे काही ना काही सांगतायत, तूही दोन शब्द बोल."

"हो, हो, नक्की. आलोच," मी म्हणालो आणि कोट उचलून मागच्या दाराने सटकलो.

बघा, तिथेही तेच.

ते दोन शब्द आता इथे लिहितोय. जर्मनमध्ये मी तुम्हाला 'डू', म्हणजे 'तू', म्हणायचो, ते तुम्हीच मला सेक्ट वाइनचा ग्लास हातात देऊन बहाल केलं होतंत. मराठीत मात्र माझ्या आईच्या वयाच्या बाईला अगं-तुगं करणं मला या जन्मी जमणार नाही. तुम्हाला मराठीतले दोनच शब्द येत होते, 'आरती' आणि 'नक्की'. म्हणजे हे तुम्हाला वाचता आलं नसतं. पण ज्यांनी वाचायला हवं ते सगळे हीच भाषा वाचतात, आणि आमच्या मंडळाचा दिवाळी अंक त्यांच्याच घरी जातो. संपादकांनी खरं तर माझ्याकडे ख्रिसमसच्या बाजारांवर काहीतरी हलकंफुलकं मागितलं होतं. मी 'नक्की देतो' म्हणालो होतो.

आपली ओळख झाली ती एका रविवारी दुपारी. र्युसेल्सहाइममध्ये येऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती आणि तुमच्याशी जिन्यात 'हालो'च्या पुढे बोलणं गेलं नव्हतं. आमची लेक ईरा तेव्हा नऊ वर्षांची. आजीने पाठवलेल्या व्हिडिओतला ढोल ऐकून तिने पिठाचा डबा उलटा घातला होता आणि दोन लाटण्यांनी बडवत बसली होती. रविवारी इथे भिंतीत खिळा ठोकायची सोय नाही, आणि आमच्या घरात गणपतीची मिरवणूक चालली होती. दारावरची बेल वाजली.

"आल्या बघ खालच्या बाई," माझी बायको मेधा म्हणाली. "तूच उघड. सॉरी म्हण आणि लाव दार."

मी माफीची दोन वाक्यं मनात घोळवतच दार उघडलं. तुम्ही ती ऐकूनच घेतली नाहीत. घरातल्या सपाता घालून सरळ आत आलात, ईरासमोर उभ्या राहिलात, आणि ती घाबरून थांबली तेव्हा हाताने खूण केलीत की चालू दे. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "मनगट सैल आहे हिचं. हे शिकवून येत नाही. मंगळवारी पाच वाजता. मी घेऊन जाईन." मला वाटलं पोरीला कसली तरी शिक्षा झाली.

असं ते श्पीलमान्सत्सूग आमच्या घरात शिरलं. शब्द उच्चारायला मला महिना लागला, म्हणून मी त्याला पथक म्हणायचो. तुम्ही आठ वर्षांच्या असताना त्यात गेलात. मुलींना तेव्हा फक्त बासरी द्यायचे. तुम्ही ढोलच हवा म्हणून हटून बसलात, आणि पुढे साठएक वर्षं तो खाली ठेवला नाहीत. कारखान्याच्या कँटीनमध्ये नोकरी केलीत, नवऱ्याला पोचवलंत, मूल झालं नाही. उरलं ते हे पथक. आणि पथकात उरले होते पांढऱ्या केसांचे आठ-दहा जण, बारावीच्या परीक्षेला बसलेली दोन पोरं आणि आता ईरा. तुम्हाला मुलं हवी होती. दुसरं काही नको होतं.

मुलं गोळा करायची तुमची पद्धत आठवली की आजही हसू येतं. शनिवारी सकाळी सुपरमार्केटच्या दाराशी टेबल मांडायचं, त्यावर एक ढोल, एक बिगुल आणि गोळ्यांची बरणी. टेबल उचलायला मी. एखादं पोरगं यायचं, बिगुल फुंकायचं, त्यातून नको तो आवाज निघायचा आणि ते खिदळायचं. तुम्ही म्हणायचात, "हसायचं नाही. परत." तेवढ्यात त्याची आई विचारायची, तालीम कधी असते. "दर मंगळवारी. दर म्हणजे दर. आजारी असलं तरच सुट्टी. मंगळवारी फुटबॉल असेल तर फुटबॉल सोडायचं." आई पोराच्या हातावर सॅनिटायझर चोळत पुढे निघून जायची.

"हेल्गा, जरा गोड बोला हो," मी म्हणायचो. "आधी येऊ द्या, रुळू द्या, मग हळूहळू सांगा."

"म्हणजे फसवायचं?"

"फसवायचं कशाला, जरा धीराने घ्यायचं."

"आल्झो, म्हणजे हळूहळू फसवायचं."

सकाळभर वीस जणांनी तोंडावर नाही म्हटलं तरी तुमच्यावर काही परिणाम व्हायचा नाही. घरी येऊन बटाट्याचं सूप करायचात आणि मलाही वाटी भरून द्यायचात. ज्या हिवाळ्यात शाळेच्या व्यायामशाळेत निर्वासितांच्या खाटा लागल्या आणि तुमची तालीम अग्निशमन दलाच्या गॅरेजात गेली, तेव्हा तुम्ही त्या खाटांमध्येही ढोल घेऊन जाऊन आलात. तिथल्या दोन मुलांनी दोन महिने मन लावून वाजवलं. मग त्यांच्या कुटुंबाला दुसऱ्या गावी घर मिळालं.

आता माझ्या फुशारकीकडे येतो. तुमच्या स्वयंपाकघरात, साडेतीनच्या कॉफीला. तुम्ही सांगत होतात की शेजारच्या गावचं पथक तुम्हाला त्यांच्यात सामावून घ्यायला तयार आहे. तुमचे ढोल, तुमची माणसं, अगदी निशाणावर तुमचं नावसुद्धा ठेवतो म्हणाले होते. फक्त उत्तर लवकर हवं होतं. तुम्हाला ते मनातून नको होतं, पण मुलं मिळत नाहीत म्हटल्यावर दुसरा इलाज नव्हता. मला काय अवदसा आठवली कोण जाणे. मी म्हणालो, "आमच्याकडे पुण्यात ढोलपथकात यायला पोरांची रांग लागते. बोलवावं लागत नाही, उलट परत पाठवावं लागतं."

तुमचा काटा केकमध्येच थांबला. "परत पाठवतात?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. जागा नसते."

"मग ती परत पाठवलेली माणसं इंजिनिअर होऊन इथेच आली असतील," तुम्ही म्हणालात. "त्यांची मुलं कुठे आहेत?"

मी हसलो. तुम्ही अजिबात हसला नाहीत.

त्या वर्षीच्या आमच्या गणपतीला तुम्ही गणवेशात आलात. भाड्याच्या हॉलबाहेर बूट काढून, पांढऱ्या मोज्यांवर, आरतीला सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत उभ्या राहिलात, आणि पहिल्याच आरतीत तुम्ही आमच्या अर्ध्या लोकांपेक्षा तालात होतात. प्रसाद झाल्यावर तुम्ही आणि ईराने मिळून ढोल वाजवला. हॉल डोक्यावर घेतला पोरांनी. प्रत्येकाला काठी हातात हवी होती. आया-बापांनी मोबाइल बाहेर काढले. सगळे खूश होते, मनापासून खूश होते, हे मी आजही सांगेन.

मग तुम्ही एकेका कुटुंबापाशी गेलात. दुभाषा म्हणून मी बरोबर, खरं तर माझी गरज नव्हती, सगळ्यांना पुरेशी जर्मन येत होती. तुम्ही प्रत्येकाला एकच प्रश्न विचारलात. "मंगळवारी, पाच वाजता?"

"हो हो, नक्की! व्हाय नॉट!"

"सुपर आयडिया आहे, आजी. आमचा तर घरी नुसता धिंगाणा घालत असतो. येणार म्हणजे येणार."

"नक्की म्हणजे काय ते सांगा ना त्यांना. डेफिनिटली! झिशर!"

तुम्ही प्रत्येकाशी हात मिळवलात. आईशी, बापाशी, आणि मुलाशीसुद्धा, वाकून. तुमच्याकडे हो म्हणून हात मिळवला की विषय संपतो, हे मला ठाऊक होतं. आमच्याकडे तो तिथे सुरूही झालेला नसतो, हेही मला ठाऊक होतं. दोन्ही ठाऊक असलेला त्या हॉलमध्ये मी एकटाच माणूस होतो. हॉलबाहेर बूट घालताना तुम्ही मला विचारलंत, "अकरा मुलं. येतील ना?" मी म्हणालो, "येतील की."

दुसऱ्या दिवशी तुम्ही शेजारच्या गावच्या पथकाला फोन करून नाही कळवलंत.

त्या आठवड्यात आपल्या इमारतीच्या तळघरात नुसती धांदल होती. कार्लने लहान मुलांचे ढोल माळ्यावरून काढले, कातडी बदलली, पट्टे आवळले. तुम्ही जुने गणवेश कापून लहान करत होतात. ईरा माप द्यायला उभी राहायची, आणि तुम्ही तिला विचारायचात, अमुक मुलगा तुझ्यापेक्षा उंच की बुटका. मेधा एकदा खाली जाऊन हे बघून आली. वर आल्यावर दार लावून म्हणाली, "प्रशांत, त्यांना सांग रे. कुणी यायचं नाही."

"अगं, दोन-चार तर येतीलच."

"तू सांग."

"बघू," मी म्हणालो.

मंगळवारी पाच वाजता गॅरेजात अकरा ढोल ओळीने मांडलेले होते. टेबलावर सफरचंदाच्या रसाच्या बाटल्या. तुमचे सगळे म्हातारे गणवेशात, जणू काही मिरवणूकच आहे. ईरा तिच्या ढोलामागे. पाच वाजले, सव्वापाच झाले, आणि माझ्या खिशातला मोबाइल गुरगुरायला लागला. आज स्विमिंग आहे रे, विसरलोच. इंडियाहून सासूबाई आल्यात. मॅथ्सचा क्लास. पुढच्या मंगळवारी पक्का. आजींना सॉरी सांग हां, पुढे हात जोडलेले.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "ट्रॅफिक?"

आपल्या उपनगरात कसलं आलंय ट्रॅफिक. तुम्ही मला पळवाट दिली होतीत, आणि मी तिच्यातून पळालो. "हो, ट्रॅफिक," मी म्हणालो. तुम्ही वळून काठ्या आपटल्यात आणि एका मुलीला घेऊन तालीम सुरू केलीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी संध्याकाळी मी ग्रुपवर कडक काही लिहिलं नाही. लिहिलं, 'नो वरीज, नेक्स्ट ट्यूसडे!' वर एक ढोलाचं चित्र.

पुढच्या मंगळवारी कुणी आलं नाही. एकाने मला सुचवलं की पाच जरा लवकर होतं, साडेपाच असतं तर जमलं असतं. मी ते तुमच्यापर्यंत पोचवलं, कारण त्यामुळे आमची माणसं निदान विचार तरी करतायत असं वाटलं असतं. तुम्ही साठ वर्षांची वेळ बदललीत. साडेपाच केलीत. तेव्हा दुसरं कुणी म्हणालं, वीकडेला कठीणच पडतं, शनिवार असता तर आम्ही नक्की. तुम्ही तालीम शनिवारी नेलीत. तुमच्या म्हाताऱ्यांमध्ये त्यावरून भांडणं झाली. दोघं पथक सोडून गेले, त्यातल्या एकाशी तुमची शाळेपासूनची मैत्री होती. शनिवारीही कुणी आलं नाही. शनिवारी आमच्यात वाढदिवस असतात.

कुणी वाईट नव्हतं हो. कुणी तुमची चेष्टा केली नाही. रस्त्यात भेटले की वाकून हालो म्हणायचे, आजी कशा आहात, आम्ही यायचंच म्हणतोय. एकीने तर तुम्हाला घरी करंज्या आणून दिल्या आणि वर म्हणाली, न्यू इयरनंतर नक्की. तुम्ही त्या करंज्या खाल्ल्या आणि जानेवारीत तिच्या मुलासाठी ढोल काढून ठेवलात.

मग ते भांडण. आपलं एकुलतं एक, आणि अजून न मिटलेलं. तुम्ही कॉफी ओतलीत आणि बसल्या बसल्या विचारलंत, "तुझी माणसं माझ्यावर रागावली आहेत का?"

"छे छे. उलट सगळ्यांना तुम्ही फार आवडता."

"मग मला नाइन का म्हणत नाहीत?"

"मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं आमच्या जिवावर येतं, हेल्गा. वाईट वाटेल म्हणून."

"कुणाला?"

"तुम्हाला."

"मला?" तुम्ही किटली आदळलीत. "मला आयुष्यभर लोक नाइन म्हणत आलेत. नाइन म्हटलं की मी पुढच्या दाराशी जाते. तुम्ही लोकांनी मला वर्षभर एकाच दाराशी उभं केलंत."

मलाही राग आला. म्हटलं, तुमचं नाही फार थंड असतं. आमच्या 'हो'मध्ये माया असते. त्या संध्याकाळी ती माणसं तुमच्यावर खरंच खूश होती, त्या क्षणी ते हो खरंच होतं.

"क्षणाचं मी काय करू?" तुम्ही म्हणालात. "मला मंगळवार हवा होता."

मी कप अर्धा टाकून वर निघून आलो. तुमचं पटलं होतं, म्हणूनच राग आला होता. आणि तरीही हेल्गा, तुम्ही गेलात म्हणून मी आता सगळं तुमचंच खरं धरत नाही. एखाद्याला तोंडावर तोडू नये, यात काहीतरी चांगलं आहेच. फक्त ते तुमच्या जिवावर करायला नको होतं, आणि माझ्या तोंडून तर नकोच होतं.

तुमची माया कशी असते तेही मी पाहिलं होतं. माझे वडील नाशिकला वारले, तो फोन पहाटे आला आणि विमान दुसऱ्या दिवशीचं मिळालं. मंडळातल्या सगळ्यांचे निरोप आले, काही लागलं तर सांग, अगदी काहीही. तुम्ही असं काही म्हणाला नाहीत. तुम्ही वर आलात, मेधाच्या हातातून सुरी घेतलीत, बटाटे सोललेत आणि म्हणालात, "ईराला शाळेत मी सोडीन. सात वाजता येते." आणि मी परत येईपर्यंत रोज सातला आमची बेल वाजली. मी त्याबद्दल तुमचे नीट आभारसुद्धा मानले नाहीत. मानायचे राहूनच गेले.

ईरा अकराची झाली आणि एक दिवस जेवताना जर्मनमध्ये म्हणाली की तिला पथक सोडायचंय. तिच्या वर्गातल्या मुली हँडबॉलला जात होत्या आणि ही आठवडाभर वाट बघून म्हाताऱ्यांमध्ये जात होती. मी म्हणालो, "थांब, तू काही बोलू नको. मी बोलतो त्यांच्याशी." आणि मग जे यायचं तेच आलं. एका शनिवारी ईराला ताप, एका शनिवारी परीक्षा, एकदा पाय मुरगळला. दोन महिने मी तुमच्या आणि तिच्या मध्ये उभा राहून वेळ मारून नेत होतो. एका संध्याकाळी तीच उठली, खाली गेली आणि थोड्या वेळाने परत आली. हातात तुमच्या ढोलाच्या काठ्या.

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"की मी आता येणार नाही."

"असं तोंडावर? अगं, म्हातारी बाई आहे ती! काही रीत आहे की नाही?"

 ईरा तिच्या जर्मनमध्ये शांतपणे म्हणाली, "पापा, त्या मला डांके, थँक्यू म्हणाल्या. आणि या मला ठेवायला दिल्या."

त्या काठ्या तिच्या टेबलावर पेनांच्या डब्यात उभ्या आहेत. मी तिच्या खोलीत गेलो की त्यांच्याकडे पाठ करून बसतो.

पुढचं सगळ्यांनी पाहिलंय. शेजारच्या गावच्या पथकाकडे तुम्ही परत गेलात तेव्हा त्यांना ढोल हवे होते, म्हातारे नको होते. वार्षिक सभेत तुमचं पथक बंद झालं. त्या नोव्हेंबरात सेंट मार्टिनच्या कंदिलांच्या मिरवणुकीपुढे ढोल नव्हते. एका हातगाडीवर स्पीकर होता, त्यातून गाणी वाजत होती. आमच्या मंडळाची सगळी मुलं कंदील घेऊन मागून चालली होती, फार गोड दिसत होती. ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला. तुम्ही कोपऱ्यावर हात मागे बांधून उभ्या होतात. मी तुम्हाला पाहिलं आणि ईराच्या टोपीचं बटण लावायला खाली वाकलो.

शेवटी शुक्रवार, दवाखान्यात. तुम्ही पांघरुणात एवढ्याशा झाला होतात, पण बोटं चादरीवर ताल धरून होती. तुमच्या वॉर्डातल्या सिस्टरला तुम्ही कॉफीवरून झापलंत, ते ऐकून मला बरं वाटलं. मग मला म्हणालात, "रविवारी येशील? साडेतीनला. इथला केक बरा असतो."

"हो, नात्युरलिश, अर्थातच," मी म्हणालो.

तुम्ही एक डोळा उघडलात. "प्रशांत. आता खरं सांग."

 रविवारी आमच्याकडे दसऱ्याचं जेवण होतं. सण इथे ज्या दिवशी येतो त्या दिवशी होत नाही, वीकेंडला होतो. तीन कुटुंबांना बोलावलं होतं, सगळी त्याच गणपतीतली. मी म्हणालो, "नाइन, हेल्गा. रविवारी नाही येऊ शकत. घरी लोक येणार आहेत."

तुमचा चेहरा असा उजळला की मला काही कळेना. तुम्ही माझा हात धरलात, चांगला घट्ट. "गेनाऊ," तुम्ही म्हणालात. "बघ. मेले का मी त्याने?"

आपण दोघंही हसलो. घरी जाताना सायकलवर मला फार हलकं वाटत होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा मी तुमच्याशी सरळ वागलो होतो.

रविवारी मेधाने रात्रभर टांगलेल्या क्वार्कचं, म्हणजे इथल्या घट्ट दह्याचं, श्रीखंड केलं, पुऱ्यांचं पीठ मळून ठेवलं. बारा वाजता पहिला निरोप आला, मुलाला सर्दी. एक वाजता दुसरा, अरे, उठायलाच उशीर झाला, नेक्स्ट वीकेंडला पक्का. तिसऱ्यांचा काही निरोप नव्हता, म्हणजे ते वाटेवर असतील असं आम्ही धरलं. दोन वाजले. अडीच. मी दोनदा बाल्कनीत जाऊन रस्ता बघून आलो. शेवटी आम्ही तिघांनी जेवून घेतलं, दहा ताटं मांडलेल्या टेबलाच्या एका कोपऱ्यात. तीन वाजता ईरा म्हणाली, "पापा, मग आता जा ना हेल्गाकडे."

दवाखाना सायकलने दहा मिनिटांवर.

"आता कसं जायचं?" मी म्हणालो. "नाही म्हणून सांगितलंय त्यांना. आणि ते लोक आले तर?"

 ईराने तिचं ताट उचललं आणि आत गेली.

सोमवारी सकाळी तुम्ही गेलात. कार्लला सिस्टरने सांगितलं आणि गुरुवारी, प्लेट घेऊन आला तेव्हा, कार्लने मला, की रविवारी दुपारी तुम्ही उशी लावून बसलात, कॉफी घेतलीत, केकचा तुकडा संपवलात, खिडकीबाहेर बघत होतात. अगदी निवांत होत्या, म्हणाली. दाराकडे एकदाही बघितलं नाहीत. माझी वाट बघायचं तुम्हाला कारणच नव्हतं, मी नाही म्हणून सांगितलं होतं.

वाट मी बघत होतो. साडेतीन वाजता मी आमच्या बाल्कनीत उभा होतो, नक्की येऊ म्हणालेल्यांसाठी.